वस्तीला लागते काय? लक्षद्वीपच्या दहा बेटांची गोष्ट

लक्षद्वीपच्या सरकारी यादीत ३६ बेटे आहेत. माणसांची गावे मात्र त्यांतल्या दहांवरच वसली: अगत्ती, अमिनी, आंद्रोत, कदमत, कल्पेनी, कवरत्ती, किल्तन, चेतलत, बित्रा आणि मिनिकॉय. सगळ्या बेटांची जमीन एकत्र केली तरी जेमतेम ३२ चौरस किलोमीटर भरते, म्हणजे बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा तिसरा हिस्सा. एवढ्या जागेत २०११ च्या जनगणनेने ६४,४७३ माणसे मोजली. केरळच्या किनाऱ्यापासून २२० ते ४४० किलोमीटर आत, भर अरबी समुद्रात, दर चौरस किलोमीटरला दोन हजारांहून अधिक लोक राहतात.

मग उरलेली २६ बेटे रिकामी का? इतकी दाटी असताना माणसे शेजारच्या मोकळ्या बेटावर का पसरली नाहीत? पिट्टी हे बेट म्हणजे नुसता वाळूचा उंचवटा, तिथे सुरय पक्ष्यांचे राज्य आहे. सुहेलीवर नारळ आहेत, भोवती मोठे उथळ पाणी आहे; कवरत्ती आणि अगत्तीचे लोक हंगामात तिथे जातात, मासे आणि नारळ घेऊन घरी परततात. बंगारमवर पर्यटकांची सोय आहे, पण पिढ्यान्‌पिढ्यांचे गाव नाही. समुद्रातून जमीन वर आली की तिथे वस्ती होते, असा हिशेब इथे चालत नाही. वस्तीला पाणी लागते, लाटा अडवणारी भिंत लागते, विकता येईल असे काहीतरी लागते, ते विकून तांदूळ आणायला पलीकडचा किनारा लागतो, आणि एवढ्याशा जमिनीवर एकमेकांचे गळे न धरता राहण्याची रीत लागते. या पाच गोष्टी जिथे जुळल्या आणि टिकल्या, तिथेच लक्षद्वीपचे लोक टिकले.

सह्याद्रीचा समुद्रातला भाऊबंद

पहिली गोष्ट पायाची. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी महाराष्ट्राच्या भूमीवर लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले. राजगड, रायगड, वेरूळ ज्या काळ्या पाषाणात उभे आहेत, तो हाच. पृथ्वीच्या पोटातून तापलेला खडक वर येण्याची एक जागा त्या वेळी भारताच्या खाली होती, असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. भारताचा भूपट्ट उत्तरेकडे सरकत राहिला आणि ती तप्त जागा मागे, दक्षिणेकडे पडत गेली. तिच्या वाटेवर समुद्रतळावर ज्वालामुखींची रांग उठली. मालदीवखालचा बेसाल्ट सुमारे ५ कोटी ७० लाख वर्षांचा, त्याच्या दक्षिणेला छागोसजवळचा ४ कोटी ९० लाख वर्षांचा, मॉरिशस ८० ते ९० लाख वर्षांचे आणि रियुनियन बेट अवघे २० लाख वर्षांचे. रियुनियनवरचा ज्वालामुखी आजही अधूनमधून पेटतो. दक्षिणेकडे जावे तसा खडक तरुण होत जातो, हा या मताचा मोठा पुरावा. लक्षद्वीप ते छागोस अशी जी सुमारे अडीच हजार किलोमीटर लांबीची बुडालेली डोंगररांग आहे, तिचे उत्तर टोक म्हणजे लक्षद्वीप. या उत्तर टोकाखालचे कवच नेमके कशाचे, यावर अजून वाद आहे. पण रांगेचे कूळ सह्याद्रीच्या कातळाशी जोडले जाते.

ज्वालामुखी थंडावला की जड होतो आणि हळूहळू खाली बसतो. त्याच्या काठाला प्रवाळ वाढत असतील तर ते मात्र खाली जायला तयार नसतात. प्रवाळ म्हणजे इवल्याशा प्राण्यांच्या वसाहती. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते, आणि त्या शैवालाला सूर्यप्रकाश हवा. डोंगर खाली गेला तर जुन्या सांगाड्यांवर नवे प्रवाळ चढतात आणि उजेडाची पातळी धरून ठेवतात. शेवटी डोंगर दिसेनासा होतो आणि त्याच्या काठाचे प्रवाळाचे रिंगण तेवढे पाण्याच्या पृष्ठभागाशी उरते. चार्ल्स डार्विनने हा तर्क १८४२ मध्ये आपल्या प्रवाळभिंतींवरच्या पुस्तकात मांडला. पुढे मालदीवमध्ये खोल छिद्रे पाडली तेव्हा चुनखडीचा दोन किलोमीटरहून जाड थर लागला आणि त्याखाली ज्वालामुखीचा खडक.

असे रिंगण कोकणच्या किनाऱ्याला का नाही, असा प्रश्न मराठी वाचकाला पडेल. सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्या पावसाळ्यात गाळ आणतात आणि गढूळ पाण्यात प्रवाळाला मोठे बांधकाम जमत नाही. मालवणच्या खडकांवर प्रवाळ आहेत, पण थोडे. किनाऱ्यापासून लांब, विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवर, कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखले जाणारे आंग्रिया बँक नावाचे पाण्याखालचे पठार आहे. तिथे प्रवाळ चांगले फोफावले आहेत. पण पठाराचा माथा पाण्याखाली २० मीटरवर आहे. प्रवाळ असूनही तिथे बेट नाही.

रिंगणाची उगवती बाजू

लक्षद्वीपमध्ये अशी १२ प्रवाळ रिंगणे आहेत, शिवाय काही नुसत्या प्रवाळभिंती आणि काही बुडालेली पठारे. बेट म्हणजे हे रिंगण नव्हे. रिंगणाच्या एखाद्या कडेवर मेलेल्या प्रवाळाचे, शिंपल्यांचे, चुनखडी धरणाऱ्या शैवालाचे तुकडे लाटांनी गोळा केले, त्यावर झाडे रुजली, ते बेट. डोंगर कोट्यवधी वर्षांचा. वरची वाळू मात्र गेल्या काही हजार वर्षांतली, हिमयुगानंतर समुद्राची पातळी स्थिरावल्यावर जमलेली. म्हणून या बेटांना डोंगर नाहीत, नद्या नाहीत, ओढेही नाहीत. जमीन समुद्रापासून काही मीटरच वर आहे.

नकाशा नीट पाहिला तर आणखी एक गोष्ट दिसते. बहुतेक बेटे रिंगणाच्या पूर्व कडेवर आहेत आणि पश्चिमेला उथळ, शांत, हिरवट-निळे पाणी आहे. या पाण्याला लगून म्हणतात. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येकडून मोसमी वारे येतात. त्यांच्या लाटा पश्चिमेच्या प्रवाळभिंतीवर फुटतात, तुटलेला माल उचलतात आणि लगून ओलांडून पूर्वेला टाकतात. बेट तयार होते ते असे, मारा होतो त्याच्या विरुद्ध बाजूला. त्यामुळे वस्तीला दोन गोष्टी आपोआप मिळतात: पावसाळ्यात लाटा फोडणारी भिंत, आणि होड्या नांगरायला, जाळे टाकायला, काथ्या भिजवायला हक्काचे तळे. आंद्रोत हा अपवाद. ते क्षेत्राने सर्वांत मोठे बेट, जवळपास पाच चौरस किलोमीटरचे. पण पूर्व-पश्चिम पसरलेले आणि लगून अगदी नावापुरते. दुसरे टोक बित्राचे. त्याची जमीन एका चौरस किलोमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढी, पण लगून ४५ चौरस किलोमीटरचे. बित्रावर कायमची वस्ती १९४५ च्या सुमारास झाली. त्याआधी ते समुद्रपक्ष्यांच्या अंड्यांचे आणि चेतलतच्या मच्छीमारांच्या मुक्कामाचे बेट होते. २०११ मध्ये तिथे २७१ माणसे होती आणि ती जगतात लगुनाच्या जिवावर.

वाळूखालचे गोडे पाणी

भर समुद्रात, नदी नसलेल्या वाळूवर पिण्याचे पाणी येते कुठून? पावसातून. वर्षाकाठी सुमारे १६०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि सच्छिद्र वाळूतून थेट खाली मुरतो. खाली समुद्राचे खारे पाणी आधीच शिरलेले असते. गोडे पाणी त्याच्यापेक्षा हलके, म्हणून ते त्यावर तरंगत राहते; बेटाच्या मधोमध जाड आणि कडांना पातळ, अशा भिंगाच्या आकारात. पुस्तकी हिशेब असा की समुद्रपातळीच्या वर गोड्या पाण्याचा एक हात थर असेल तर खाली चाळीस हात असतो. प्रत्यक्षात इतक्या सच्छिद्र वाळूत भरती-ओहोटीने पाणी ढवळले जाते आणि थर बराच पातळ राहतो. बेटांवरच्या विहिरींचे पाणी भरतीबरोबर किंचित चढते आणि ओहोटीबरोबर उतरते, त्याचे कारण हेच.

ओंजळीने किंवा पोहऱ्याने पाणी काढले तर भिंगाला काही होत नाही. मोटारपंप लावून एकाच जागी उपसा केला की वरचा थर एक बोट खाली जातो आणि खालचे खारे पाणी त्याच्या कित्येक पट वर येते. एकदा विहीर मचूळ झाली की ती सुधारायला पावसाळे जावे लागतात. लोकसंख्या वाढली, घरोघरी पंप आले, आणि शौचालयांच्या टाक्या विहिरींच्या शेजारी आल्या. वाळू गाळणीचे काम करते, पण पाणी जसे सहज झिरपते तशी घाणही झिरपते.

यावरचा एक उपाय समुद्राच्याच तापमानाने दिला. बेटाच्या कडेपासून काहीशे मीटरवर समुद्रतळ एकदम खोल जातो. ३५० मीटर खोलीवरचे पाणी १२-१३ अंश सेल्सिअस असते, वरचे २८ अंशांच्या आसपास. वरचे कोमट पाणी हवा काढून घेतलेल्या टाकीत सोडले की कमी दाबामुळे त्यातला थोडा भाग त्याच तापमानाला वाफ होतो. ती वाफ खोलातल्या गार पाण्याने थंड केली की गोडे पाणी मिळते. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने २००५ मध्ये कवरत्तीला असा प्रकल्प उभा केला, रोज एक लाख लिटर क्षमतेचा. २०११ मध्ये मिनिकॉय आणि अगत्तीलाही तो आला. पंप चालवायला वीज लागतेच, आणि इथली वीज बरीचशी जहाजाने आणलेल्या डिझेलवर होते. तरी विहिरींवरचा भार त्यामुळे हलका झाला.

काथ्या द्या, तांदूळ घ्या

वाळूत भात पिकत नाही. पूर्वी काही बेटांच्या मध्यभागी लोकांनी वरचा कठीण चुनखडीचा थर फोडून, वाळू उपसून, ओलाव्याच्या पातळीपर्यंत खोल वाफे केले होते. त्यात थोडे धान्य, कंद, केळी होत. पोट भरण्याइतके ते नव्हते. नारळ मात्र अमाप. बेटांचा इतिहास म्हणूनच एका सौद्याभोवती फिरतो: नारळ आणि काथ्या बाहेर, तांदूळ आत.

काथ्या चांगला होतो तो लगुनामुळे. नारळाची सोडणे उथळ पाण्यातल्या वाळूत पुरून ठेवायची, वरून दगड ठेवायचे, आणि सुमारे वर्षभर खाऱ्या पाण्याला आपले काम करू द्यायचे. मग बायका ती बाहेर काढून, बडवून, धागे सोडवून दोर वळत. खिळे न ठोकता फळ्या दोराने शिवून बांधलेल्या जहाजांचा जमाना होता तेव्हा अरबी समुद्रातल्या सगळ्या बंदरांना हा दोर हवा असे. अकराव्या शतकात अल्-बिरुनीने या समुद्रातल्या बेटांचे दोन गट सांगितले: एक कवड्यांचा, एक काथ्याच्या दोरांचा. कवड्यांचा गट म्हणजे मालदीव आणि काथ्याचा लक्षद्वीप, असे बहुतेक अभ्यासक समजतात.

ज्याच्या हाती काथ्या त्याच्या हाती बेटे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले ते याच दोरासाठी. अमिनीवर त्यांनी तळ ठोकला. लोकांनी त्यांना विष घालून मारले, अशी तिथली परंपरा सांगते. त्यानंतर बेटे कन्नूरच्या अरक्कल घराण्याकडे आली. या घराण्यात सत्तेवर बसणारी ज्येष्ठ व्यक्ती पुरुष असो वा स्त्री. पुरुष असेल तर अली राजा, स्त्री असेल तर अरक्कल बीबी. त्यांनी काथ्याचा मक्ता घेतला. बेटवाल्यांनी काथ्या दुसऱ्या कुणाला विकायचा नाही. त्यांनी ठरवलेल्या भावाने त्यांनाच द्यायचा आणि त्यांनी ठरवलेल्या भावाने तांदूळ घ्यायचा. दोन्ही भाव एकाच्याच हातात, त्यामुळे काथ्या नेहमी स्वस्त आणि तांदूळ नेहमी महाग.

१७८० च्या दशकात अमिनीचे काही लोक मंगळूरला टिपू सुलतानाकडे गेले आणि आम्हाला तुमच्याकडे घ्या म्हणाले. टिपू आणि बीबी यांचे त्या वेळी बरे होते. बोलणी होऊन अमिनी, कदमत, किल्तन, चेतलत आणि बित्रा ही उत्तरेची बेटे टिपूकडे गेली. आंद्रोत, कल्पेनी, कवरत्ती, अगत्ती आणि मिनिकॉय कन्नूरकडेच राहिली. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर उत्तरेची बेटे ईस्ट इंडिया कंपनीच्या मंगळूरच्या कारभारात आली. मंगळूरच्या बाजारपेठेशी त्या बेटांचे नाते पुढेही टिकले.

दक्षिणेच्या बेटांचा निकाल एका वादळाने लावला. १८४७ मध्ये मोठे चक्रीवादळ आंद्रोत आणि कल्पेनीवरून गेले. कल्पेनीच्या पूर्व आणि आग्नेय किनाऱ्यावर प्रवाळाच्या तुकड्यांचा जो लांबच लांब बांध दिसतो तो त्याच वादळाने एका झटक्यात रचला. बेट हळूहळू कसे वाढते आणि एका रात्रीत कसे बदलते, याचा तो उघडा नमुना. नारळाची झाडे गेली, म्हणजे दोर गेला आणि तांदूळही गेला. कन्नूरच्या राज्यकर्त्यांकडे मदतीला पैसा नव्हता. कंपनीचा अधिकारी विल्यम रॉबिन्सन याने कर्ज देऊ केले. ते फिटले नाही, व्याज साचले, आणि १८५४ मध्ये उरलेली बेटेही कारभारासाठी कंपनीकडे गेली. अरक्कल घराण्याचा हक्क कागदोपत्री विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संपला. काथ्याच्या बदल्यात तांदूळ हा व्यवहार मात्र इंग्रजांनी चालूच ठेवला.

शुक्रवारची जमीन, सोमवारची जमीन

२०११ मध्ये इथल्या लोकसंख्येत ९६ टक्क्यांहून अधिक लोक मुस्लिम होते. हजरत उबेदुल्ला नावाच्या संताने सातव्या शतकात इस्लाम आणला अशी श्रद्धा आहे. आंद्रोतच्या जुम्मा मशिदीत त्यांची कबर दाखवतात. पण या समाजाची घरे आईच्या वंशाने चालतात. मुले आईच्या घराण्याची, म्हणजे तिच्या तरवाडाची. मिनिकॉय सोडून बाकीच्या बेटांवर जुन्या रीतीप्रमाणे लग्नानंतर नवरा आपल्या आईच्या घरी राही आणि रात्री बायकोच्या घरी जाई.

इस्लामचा वारसाहक्क आणि आईकडून चालणारे घर यांचा मेळ कसा बसतो, हा प्रश्न घेऊन एक मराठी बाई कल्पेनीच्या अभ्यासाला लागल्या: मानवशास्त्रज्ञ लीला दुबे, माहेरच्या अंबर्डेकर, गायिका सुमती मुटाटकर यांच्या भगिनी. त्यांचे ‘मॅट्रिलिनी अँड इस्लाम’ हे पुस्तक १९६९ मध्ये आले आणि या विषयावर आजही ते पहिले नाव म्हणून घेतले जाते. बेटवाल्यांनी काढलेली तोड साधी आणि हुशार आहे. तरवाडाची वडिलोपार्जित मालमत्ता ती शुक्रवारची. ती आईच्या वंशात राहते, वाटली जात नाही. माणसाने स्वतः कमावलेली ती सोमवारची. तिची वाटणी धर्मशास्त्राप्रमाणे होऊ शकते.

कोकणातल्या सातबाऱ्यावर पिढीगणिक नावांची रांग वाढत जाते आणि वाट्याला गुंठेही येत नाहीत, हे आपण पाहतो. दोन-चार चौरस किलोमीटरच्या बेटावर तसे झाले असते तर दोन पिढ्यांत माणशी एकेक झाड उरले असते. शुक्रवारच्या जमिनीने ती वेळ येऊ दिली नाही. शिवाय पुरुष अर्धे वर्ष होडीवर किंवा मंगळूर-कोळिकोडला. घर, झाडे आणि काथ्या बायकांच्याच हाती असत. आता छोटी कुटुंबे वाढली आहेत, नोकरीचा पगार ही सोमवारची कमाई मोठी झाली आहे, आणि शुक्रवारच्या जमिनीवरून कोर्टकचेऱ्याही होतात.

हे सगळे समतेचे चित्र होते असे मात्र नाही. जमिनी आणि होड्या कोया लोकांच्या, नौका चालवणारे मालमी, झाडांवर चढणारे आणि नीरा काढणारे मेलाचेरी, अशी उतरंड मशिदीच्या एकाच छपराखाली शतकानुशतके होती.

नऊ अंशांच्या पलीकडे

मिनिकॉयला यातले बरेच लागू पडत नाही. नऊ अंश अक्षवृत्ताची रुंद सामुद्रधुनी त्याला बाकीच्या लक्षद्वीपपासून तोडते. मालदीवचे उत्तर टोक तिथून सुमारे सव्वाशे किलोमीटर, म्हणजे लक्षद्वीपच्या इतर कुठल्याही वस्तीपेक्षा जवळ. इतर बेटांवर मल्याळमच्या जवळची जसरी बोली चालते. मिनिकॉयची भाषा महल, मालदीवच्या दिवेहीची सख्खी बहीण, आणि लिपी उजवीकडून डावीकडे जाणारी थाना. इथे नवरा बायकोच्या घरी राहायला येतो. बेट अनेक छोट्या गावांत विभागलेले आहे, प्रत्येक गावाचा पुरुष प्रमुख वेगळा आणि बायकांची प्रमुख वेगळी. १८८५ मध्ये इंग्रजांनी बांधलेला दीपस्तंभ अजून उभा आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या इथले तरुण जगभरच्या जहाजांवर खलाशी म्हणून गेले.

मिनिकॉयची मोठी देणगी मासेमारीची. इथे कुपा, म्हणजे ट्यूना, जाळ्याने नाही, गळाने धरतात, एकेक. आधी लगुनात प्रवाळाच्या आडोशाने राहणारी बोटभर मासळी जिवंत पकडायची आणि होडीच्या तळाशी खेळत्या पाण्याच्या कप्प्यात ठेवायची. खोल समुद्रात कुप्याचा थवा दिसला की ती मासळी भिरकावायची, पाण्याचे फवारे उडवायचे, आणि माशांची झुंबड उडाली की लांब काठ्यांचे गळ टाकून एकामागून एक मासा होडीत उडवायचा. गळाला आमिषही लावत नाहीत आणि त्याला उलटा काटाही नसतो, त्यामुळे मासा आपोआप सुटून फळीवर पडतो. मग तो उकडून, धुरी देऊन, उन्हात लाकडासारखा कडक वाळवला की झाला मास. फ्रिजशिवाय महिनोन्‌महिने टिकणारा. साठच्या दशकापासून यांत्रिक होड्यांबरोबर ही पद्धत इतर बेटांवरही पसरली आणि काथ्याची जागा हळूहळू कुप्याने घेतली. या मासेमारीत नको ते मासे आणि कासवे जवळपास सापडत नाहीत, म्हणून तिचे जगभर कौतुक होते. पण तिची साखळी लक्षात ठेवावी: प्रवाळ जिवंत तर बारीक मासळी, ती असेल तर कुपा, आणि कुपा असेल तर बेटाची चूल.

एका रात्रीचा किनारा

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मद्रास राज्यातून काढून ही बेटे केंद्रशासित प्रदेश झाली. कारभार आधी कोळिकोडहून चाले. १९६४ मध्ये मुख्यालय कवरत्तीला आले. लक्षद्वीप हे नाव १९७३ पासूनचे. १९५१ मध्ये २१,०३५ लोक होते आणि साक्षरता सुमारे १५ टक्के. साठ वर्षांत लोकसंख्या तिप्पट झाली आणि साक्षरता ९० टक्क्यांच्या पुढे गेली. एवढ्या थोड्या काळात एवढी उडी देशात क्वचितच कुठे दिसते. ओडम नावाच्या शिडाच्या होड्या, ज्या पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढून ठेवाव्या लागत, त्यांच्या जागी कोचीहून जहाजे आली. आता साधारण एका रात्रीत प्रवास होतो. अगत्तीचा विमानतळ १९८८ मध्ये सुरू झाला. कोचीहून समुद्राखालून टाकलेली ऑप्टिकल फायबर केबल २०२४ मध्ये कार्यान्वित झाली.

जमिनीला मात्र कुंपण घातले गेले. बेटांवर जन्मलेले आणि आई-वडील दोघेही बेटांचे असलेले रहिवासी अनुसूचित जमातीत धरले जातात. बाहेरच्यांना येण्यासाठी परवाना लागतो आणि जमीन विकत घेण्यावर बंधने आहेत. २०२१ मध्ये विकास प्राधिकरणाच्या नियमांचा मसुदा निघाला, तेव्हा जमीन ताब्यात घेण्याचे अधिकार वाढतील या भीतीने बेटांवर मोठा विरोध झाला. त्या विरोधाकडे राजकारणाच्या चष्म्यातून पाहता येईल, पण ३२ चौरस किलोमीटरमध्ये विस्थापित होऊन जायचे कुठे, हा प्रश्न त्याच्या मुळाशी होता.

बुडण्याच्या आधी

हवामानबदलाच्या बातम्यांत बेटे बुडतात. लक्षद्वीपमध्ये तसे एक उदाहरण खरोखर आहे: बंगारमच्या रिंगणातले परळी-१ हे निर्जन बेट झिजून नाहीसे झाल्याचे २०१७ मध्ये एका अभ्यासातून पुढे आले. त्याच वर्षी ओखी चक्रीवादळाने मिनिकॉय आणि कल्पेनीला झोडपले. वस्तीच्या बेटांवर किनारा खाल्ला जातो तिथे काँक्रीटचे चौपायी ठोकळे टाकले आहेत. पण किनारा मोजत बसल्याने खरा धोका कळत नाही.

तो दोन ठिकाणी आहे. एक भिंतीत. पाणी नेहमीपेक्षा एखाद-दोन अंशांनी जास्त तापून काही आठवडे तसेच राहिले की प्रवाळ आपल्यातले शैवाल बाहेर टाकतात, पांढरे पडतात आणि बरेचदा मरतात. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ मध्ये हे घडले. पहिल्या खेपेनंतर प्रवाळ बऱ्याच अंशी सावरले. पुढे दोन खेपांमधला काळ सावरायला पुरेसा राहिला नाही. मेलेली भिंत वाढत नाही, ती झिजते. मग लाटा अडत नाहीत, नवी वाळू तयार होत नाही आणि गळाला लागणारी बारीक मासळीही घटते.

दुसरा धोका विहिरीत. प्रशांत महासागरातल्या मार्शल बेटांवरच्या एका अभ्यासाने २०१८ मध्ये दाखवले की प्रवाळ बेटे पाण्याखाली जाण्याच्या बरीच आधी राहण्याजोगी उरणार नाहीत. भिंत खचली आणि समुद्र थोडा चढला की वादळी लाटा बेट ओलांडून जातात, खारे पाणी वरून वाळूत मुरते, आणि भिंगाला पुन्हा गोडे व्हायला वेळ मिळण्याआधी पुढची लाट येते. ही मांडणी लक्षद्वीपच्या वाळूलाही लागू पडते.

संरक्षणाचे धोरणसुद्धा इथे सरळ रेषेत चालत नाही. पूर्वी होड्यांच्या लाकडाला चोपडायच्या तेलासाठी हिरव्या कासवांची शिकार होई. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आणि पुढे फायबरच्या होड्यांनी ती थांबवली. कासवे वाढली, आणि अगत्तीच्या लगुनात त्यांनी समुद्री गवताची कुरणे फस्त केली. त्या गवतात वाढणारे मासे कमी झाले आणि मच्छीमार कासवांवर चिडले. कासव वाचवणे चूक नव्हते. पण लगुनात एक धागा ओढला की दुसरा सैल होतो, हे आधी कुणी धरले नव्हते.

म्हणून इथल्या कुठल्याही योजनेचे मोजमाप करताना पर्यटकांची संख्या किंवा धावपट्टीची लांबी नंतर विचारावी. आधी विचारावे की माणशी पाण्याचा उपसा किती वाढेल, सांडपाणी कोणत्या विहिरीकडे झिरपेल, गाळ उडून लगुनातल्या प्रवाळावर किती बसेल, आणि झाडांखालची जमीन कुणाच्या तरवाडाची आहे. मुख्य भूमीवर यांतला एखादा हिशेब चुकला तर पाणी टँकरने येते, वस्ती पलीकडच्या माळावर सरकते. बेटावर पलीकडे समुद्रच आहे. शतकानुशतके ही बेटे वसती राहिली ती लोकांनी हा हिशेब रोजच्या रीतीभातीत बसवून घेतला म्हणून. आता योजना दिल्लीत आणि कवरत्तीत आखल्या जातात, तेव्हा तो तिथल्या फायलींत बसवावा लागेल.